सिबेलियस, कुणाच्या हातचा?

फिनलंडचा संगीतकार यान सिबेलियस १८६५ साली जन्मला आणि १९५७ साली गेला. त्याच्या डोळ्यांदेखत ग्रामोफोन आला, रेडिओ आला, लाँग प्ले तबकडीही आली. तरीही त्यानं स्वतः कंडक्ट केलेलं एकच ध्वनिमुद्रण आज आपल्याला ऐकता येतं. तारीख १ जानेवारी १९३९, फिनिश रेडिओचा ऑर्केस्ट्रा, रचना 'आन्दान्ते फेस्तिवो'. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं ती लघुलहरींवरून अमेरिकेला ऐकवली गेली. तंतुवाद्यांसाठी लिहिलेली लहानशी रचना आहे, पण म्हातारा ती अशी घट्ट धरून, एकेका सुरावर वजन टाकत वाजवून घेतो की ऐकणारा ताठ बसतो. त्याच्या सात सिंफनींबद्दल, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या सात मोठ्या रचनांबद्दल, मात्र त्याच्या हातचा पुरावा शून्य.

बरं, त्याला विचारणाऱ्यांची काही कमी नव्हती. कंडक्टर ऐनोला या त्याच्या घरी यायचे, पत्रं लिहायचे, आपल्या तबकड्या पाठवायचे. तो ज्याला त्याला चांगलं म्हणायचा. तबकड्यांचा ब्रिटिश निर्माता वॉल्टर लेग याच्या सांगण्यानुसार, आपल्या मनातलं वाजवतो तो एकटा कारायान (ऑस्ट्रियन कंडक्टर), असं सिबेलियस त्याला म्हणाला होता. पण अशी शाबासकी इतरांनाही मिळाली होती. १९४०च्या दशकात त्यानं आपल्या सिंफनींसाठी मेट्रोनोमचे, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडावेत त्याचे, आकडे दिले. ते पाहिले तर बहुतेक नामवंत कंडक्टर त्याहून बऱ्याच ठिकाणी संथ निघतात, आणि त्यानं ज्यांची स्तुती केली त्यातलेही काही त्यात येतात. तेव्हा 'हाच खरा सिबेलियस' असा शिक्का कुणावरच मारता येत नाही. आपल्याला आपल्या कानानंच ठरवावं लागतं. माझा कान काय ठरवतो आणि का, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझी कसोटी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या आवडीनिवडी कुठून आल्या ते कळेल. सिबेलियस ऐकताना मी सांधे ऐकतो. त्याच्या संगीतात देखण्या धून आहेत, मोठे कळस आहेत, ते तर कुणीही वाजवतो. पण एका लयीतून दुसऱ्या लयीत, एका रंगातून दुसऱ्या रंगात तो कसा जातो, यात त्याची सगळी प्रतिभा आहे. जाणं घडून गेल्यावरच ते आपल्या लक्षात यायला हवं. ज्या रेकॉर्डिंगमध्ये कंडक्टर आधीच हात वर करून 'आता बघा हं, इथं वळतोय' असं सुचवतो, ते माझ्या मनातून उतरतं. मग ऑर्केस्ट्रा कितीही श्रीमंत असो.

सुरुवात अर्थातच कायानुसपासून. रॉबर्ट कायानुसनं १८८२ साली हेलसिंकीत ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढं पन्नास वर्षं तो सांभाळला. सिबेलियसचा तरुणपणापासूनचा दोस्त. आक्सेली गालेन-कालेलाच्या १८९४ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात हे सगळे रात्री उशिरा टेबलाभोवती बसलेले आहेत, बाटल्या-पेले समोर, नजरा भलतीकडेच लागलेल्या. त्यात कायानुसही आहे आणि सिबेलियसही. १९३० साली फिनलंडच्या सरकारनं पैसे घातले, कोलंबिया कंपनीनं लंडनमध्ये ऑर्केस्ट्रा दिला आणि पहिली व दुसरी सिंफनी रेकॉर्ड झाली. कंडक्टर म्हणून सिबेलियसनंच कायानुसचं नाव सुचवलं होतं. १९३२ साली लेगच्या सिबेलियस सोसायटीसाठी तिसरी, पाचवी, 'तापिओला' आणि 'पोह्योलाची कन्या' झाली. लोकांनी आगाऊ वर्गणी भरायची आणि त्या पैशातून तबकड्या निघायच्या, अशी ती योजना. पुढच्याच वर्षी कायानुस वारला. चौथी, सहावी आणि सातवी त्याच्या हातून राहिलीच.

या जुन्या तबकड्यांचा आवाज खरखरीत आहे, चढ्या सुरांना धार नाही आणि खालच्या सुरांना पोट नाही. शिवाय दर चार-साडेचार मिनिटांनी बाजू संपणार, वादकांनी थांबायचं, पुन्हा त्याच लयीत सुरू करायचं. अशा परिस्थितीत सांधे जुळणं जवळजवळ अशक्य, असं कुणालाही वाटेल. आणि नेमके तेच जुळलेत! दुसऱ्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला खंड, ऐका. तंतुवाद्यांचा तो चढता, धपापता ठेका, त्यावर ओबो-क्लॅरिनेटची साधी, गावाकडची म्हणावी अशी धून, मग हॉर्न. हे सगळे तुकडे सिबेलियसनं सुटेसुटे टाकलेत आणि मध्ये जागा सोडल्यात. पुष्कळ कंडक्टर त्या जागी थांबून दम घेतात. कायानुस थांबत नाही. तो बोलता बोलता विषय बदलणाऱ्या माणसासारखा सहज पुढं जातो, आणि तुकडे आपोआप एकाच गोष्टीचे होतात.

दुसरी सिंफनी १९०२ सालची. तिचा बराचसा विचार इटलीत रापालोला झाला, पण फिनलंडमधल्या लोकांनी ती रशियन झारशाहीविरुद्धच्या लढ्याची म्हणून उचलून धरली. तो अर्थ लावण्यात कायानुसच पुढं होता, आणि सिबेलियसनं तो कधी मानला नाही. गंमत म्हणजे वाजवताना हाच कायानुस शेवटच्या मूव्हमेंटमध्ये झेंडा फडकवत नाही. त्याची अख्खी सिंफनी चाळीसेक मिनिटांत संपते. त्याच्यासमोर लिओनार्ड बर्नस्टाइनचं १९८६ सालचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं रेकॉर्डिंग ठेवा. तेच कागद, पण पन्नास मिनिटांच्या पुढे. प्रत्येक धून ताणलेली, प्रत्येक शांततेला वजन दिलेलं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये खालच्या तंतुवाद्यांचा तो गोल गोल फिरणारा पट्टा चालू असतो आणि वर एकच लहानशी धून पुन्हा पुन्हा येत राहते. ती बर्नस्टाइन इतकी लांबवतो की कळसाला पोचेपर्यंत ऐकणारा थकतो. मला ते पटत नाही. व्हिएन्नाच्या तंतुवाद्यांचा तो दाट, तुपाळ आवाज मात्र विसरता येत नाही, हेही खरं.

माझ्या कसोटीत न बसणारं एक रेकॉर्डिंग याच सिंफनीचं आहे आणि ते मला अतोनात आवडतं. सर जॉन बार्बिरोलीनं १९६२ साली रॉयल फिलहार्मोनिकबरोबर केलेलं. बार्बिरोली सांधे लपवत नाही. तो व्हायोलिनांना उघडपणे रडवतो, चेलोंना गायला लावतो, लय हवी तिथं वाकवतो. पण त्याचं वाकवणं आतून येतं. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये पिझिकातोवर, म्हणजे बोटांनी छेडलेल्या तारांवर, बासून ही खर्जातली फुंकवाद्यं सुरू होतात तेव्हापासून एक अस्वस्थता जमा व्हायला लागते. ती शेवटच्या मूव्हमेंटपर्यंत तो सोडत नाही, म्हणून तो शेवट कमावलेला वाटतो. नंतर १९६६ ते १९७० या काळात त्यानं मँचेस्टरच्या आपल्या हॅले ऑर्केस्ट्राबरोबर सातही सिंफनी केल्या. त्या सगळ्याच इतक्या उंचीच्या नाहीत. वादक काही ठिकाणी दमलेले वाटतात, कधी कधी त्याची स्वतःची गुणगुण ऐकू येते, पण त्यातली पहिली आणि पाचवी मी हटकून काढून ऐकतो. याच हॅलेत १९५०च्या दशकात काही वर्षं मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिनवादकांच्या पहिल्या फळीत बसत होते. झुबिन मेहतांचे वडील. मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा काढून चालवलेला माणूस पुढं बार्बिरोलीच्या हाताखाली वाजवतो, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

दुसरीबद्दल एक शेवटचं. ८ डिसेंबर १९५४ला, सिबेलियसच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवशी, सर थॉमस बीचमनं लंडनला बीबीसी सिंफनीबरोबर ती वाजवली. ते प्रक्षेपण जपलं गेलंय. कळसाच्या जागी बीचम चक्क ओरडतो, वादकांना हाकारतो, आणि वादकही जिवाच्या आकांतानं वाजवतात. रोज ऐकण्याचं हे रेकॉर्डिंग नव्हे. वर्षातून कधीतरी ऐकावं.

आता पाचवी. सांध्यांची खरी परीक्षा हिच्यातच.

हिचा इतिहास माहीत असला तर ऐकणं बदलतं. ८ डिसेंबर १९१५ला, पन्नासाव्या वाढदिवशी, सिबेलियसनं ती हेलसिंकीत स्वतः सादर केली. देशभर तो दिवस सणासारखा साजरा झाला होता. सिंफनी मात्र त्याला पटली नव्हती. १९१६ला ती बदलली, आणि मग महायुद्ध, फिनलंडचं स्वातंत्र्य, तिथलं यादवी युद्ध हे सगळं होऊन गेल्यावर १९१९ला पुन्हा बदलली. आज आपण ऐकतो ती हीच. १९१५ची प्रत वर्षानुवर्षं बंद होती. घरच्यांच्या परवानगीनं ऑस्मो वान्स्कानं ती लाहती सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर १९९०च्या दशकात रेकॉर्ड केली. सिबेलियसवर मनापासून प्रेम असणाऱ्या प्रत्येकानं ती एकदा तरी ऐकावी.

कारण तिच्यात सांधा नाही. १९१५च्या प्रतीत चार मूव्हमेंट आहेत. पहिली संथ मूव्हमेंट अधांतरीच संपते आणि मग दुसरी, वेगवान, सुरू होते. १९१९च्या प्रतीत सिबेलियसनं या दोन्ही एकत्र केल्या. हॉर्नच्या हाकेनं सुरू झालेलं विस्तीर्ण संथ संगीत हळूहळू दाटत जातं, मोठा प्रकाश पडल्यासारखा एक क्षण येतो, आणि तिथून संगीत नाचायला लागतं. नाचता नाचता वेग वाढत वाढत इतका होतो की शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा धावत असतो. कागदावर त्यानं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. आधी ज्या एका ठोक्याच्या पोटात तीन लहान मात्रा होत्या, त्या ठोक्याचं आता तीन मात्रांचं पूर्ण आवर्तन होतं. लिहिण्याची पद्धत बदलली, पण नाडी तीच राहिली. तिथून पुढं लय थेंबाथेंबानं वाढवायची. सतारीवर जोडातून झाल्यात जाताना 'आता वेग वाढला' असं बोट ठेवून दाखवता येत नाही, तसंच हे ऐकू यायला हवं.

आणि इथंच भले भले घसरतात. काही जण प्रकाशाच्या त्या क्षणी रेंगाळतात, मग नाच सुरू करायला त्यांना नवा जोर लावावा लागतो आणि सिंफनीचे पुन्हा दोन तुकडे होतात. काही जण फार लवकर वेग घेतात आणि शेवटच्या पानाला त्यांच्याकडे वाढवायला काही उरत नाही. कारायाननं १९६५ साली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हे जसं साधलं तसं दुसऱ्या कुणाला साधलेलं मी ऐकलेलं नाही. डालेमच्या येशू ख्रिस्त चर्चमध्ये झालेलं ते रेकॉर्डिंग. तिथल्या आवाजाला खोली आहे, बासूनचा तो शोकाकुल एकांत धुक्यातून आल्यासारखा ऐकू येतो आणि व्हायोलिनांची कुजबुज त्याच्याभोवती गोळा होते. मग तो सांधा येतो. कितीही लक्ष ठेवून बसा, लय कुठं बदलली ते सापडत नाही. कारायानवर चकचकीतपणाचा आरोप होतो आणि अनेक ठिकाणी तो खराही आहे. इथं मात्र त्याचं सगळं कौशल्य सिबेलियसच्या सेवेत लागलेलं आहे. सायमन रॅटलचं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं, फिलहार्मोनियाबरोबरचं रेकॉर्डिंग याच्या अगदी जवळ येतं. त्यात तरुण माणसाची धिटाई आहे, आणि वेग वाढण्याचा थरार तर थोडा जास्तच.

शेवटच्या मूव्हमेंटमधल्या हॉर्नच्या झुलत्या धूनची कथा सगळ्यांना ठाऊक असते. २१ एप्रिल १९१५ला ऐनोलाजवळ सिबेलियसनं सोळा हंस पाहिले. ते बराच वेळ डोक्यावर घिरट्या घालून चकाकत्या फितीसारखे सूर्याच्या धुरकटीत दिसेनासे झाले. आयुष्यातला एक थोर अनुभव, असं त्यानं डायरीत लिहिलं. पण माझं लक्ष त्याच मूव्हमेंटच्या अगदी शेवटावर असतं. सहा ठोके. सगळा ऑर्केस्ट्रा एकदम, मग पूर्ण शांतता, मग पुन्हा. १९१५च्या प्रतीत या ठोक्यांच्या मधल्या जागा तंतुवाद्यांच्या थरथरीनं भरलेल्या होत्या. त्यानं ती थरथर काढून टाकली आणि मध्ये काहीच ठेवलं नाही. हे काढून टाकायला केवढी छाती लागली असेल! सिंफनीचा कळस, सगळा ऑर्केस्ट्रा पेटलेला, आणि त्यात मोकळी शांतता.

या सहा ठोक्यांवरून कंडक्टर ओळखता येतो. अँथनी कॉलिन्स, ज्यानं १९५२ ते १९५५ या काळात लंडन सिंफनीबरोबर सातही मोनोमध्ये केल्या, तो ते काटेकोर लयीत टाकतो, एकही मात्रा जास्त नाही. दार लावून घेतल्यासारखा तो शेवट होतो. बर्नस्टाइनची प्रत्येक शांतता लांबते आणि तिच्यात नाटक येतं. कारायानच्या रेकॉर्डिंगमध्ये चर्चमध्ये घुमत राहणारी सुरांची आस शांततेत शिरते, त्यामुळं ती पूर्ण रिकामी होतच नाही. या एका जागी मला ते कमी वाटतं. वान्स्काची लाहतीबरोबरची १९१९ची प्रत इथं सगळ्यांत निष्ठुर आहे: ठोका, आणि मग खरोखर काहीही नाही. मला शेवट असाच हवा असतो. म्हणजे पहिली मूव्हमेंट कारायानची आणि शेवटचं पान वान्स्काचं. दोन्ही एका तबकडीवर मिळत नाहीत, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते.

चौथीकडे येताना आवाज खाली आणावा लागतो. १९०८ला सिबेलियसच्या घशातली गाठ काढली. दारू-सिगार बंद झाली, मरणाची भीती कितीतरी वर्षं सोबत राहिली. १९११ला ही सिंफनी आली. सुरुवातीला चेलो, डबलबास आणि बासून अगदी खालून चार सूर काढतात. पहिल्याला षड्ज धरलं तर ते होतात सा, रे, तीव्र मध्यम, गंधार. आपल्या कानांना हे कल्याण अंगाचे सूर. दिवेलागणीचे, प्रसन्न. पण इथं ते इतक्या खालून, इतके जड येतात आणि मग गंधार-तीव्र मध्यमावर असे हेलकावे खात राहतात की षड्ज हा षड्ज नाहीच असं वाटायला लागतं. पायाखालची जमीन जाते. तेच सूर, पण आधाराचा सूर काढून घेतला की काय होतं ते मला या सिंफनीनं शिकवलं. तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा अनुभव बहुतेक जास्तच तीव्रपणे येत असावा.

बीचमनं १९३७ साली लंडन फिलहार्मोनिकबरोबर केलेली चौथी अजूनही ताजी वाटते, कारण तो तिला दुःखाचा रंग फासत नाही. कारायानची १९६५ची काळीभोर आहे. चेलोचा आवाज इतका दाट की श्वास घ्यायला जागा नाही. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये एक धून तुकड्या-तुकड्यांनी वर यायचा प्रयत्न करत राहते आणि अखेर एकदाच पूर्ण उभी राहते. ती जागा बर्लिनच्या तंतुवाद्यांइतकी भव्य दुसरीकडे नाही. तरीही माझी पहिली पसंती पावो बेर्गलुंडला, त्याच्या शेवटच्या फेरीला, म्हणजे १९९०च्या दशकात चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगला.

बेर्गलुंडबद्दल थोडं सांगायलाच हवं. हा डावखुरा कंडक्टर, छडी डाव्या हातात धरणारा. सिबेलियसच्या छापील प्रतींतल्या चुका शोधण्यात त्यानं आयुष्य घातलं. सातव्या सिंफनीची छापील प्रत हस्तलिखिताशी ताडून पाहिली आणि १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं. 'कुल्लेर्वो' ही तरुण सिबेलियसची अजस्र रचना, १८९२ची. तिचं पहिलं ध्वनिमुद्रणही यानंच केलं, बोर्नमथच्या ऑर्केस्ट्राबरोबर. सातही सिंफनी त्यानं तीनदा केल्या. बोर्नमथ, मग हेलसिंकी, मग हा लहान ऑर्केस्ट्रा. दर खेपेला तो काहीतरी काढून टाकत गेला. शेवटच्या फेरीत वादक कमी, त्यामुळं आतले आवाज ऐकू येतात. व्हायोला काय करताहेत, दुसरा क्लॅरिनेट कुठं आहे, हे दिसायला लागतं. चौथीत यानं फरक पडतो, कारण ही सिंफनी मुळातच हाडांची आहे. तिच्यावर मांस चढवलं की ती खोटी वाटते.

आणि तिचं शेवटचं पान. ओबो हाक मारतो, उत्तर येत नाही. मग तंतुवाद्यांचे काही ठोके, मध्यम आवाजात. हळू होत जा असं सिबेलियसनं लिहिलेलं नाही, मोठा किंवा बारीक आवाज करा असंही नाही. कितीतरी कंडक्टरांना हे सहन होत नाही. ते लय सोडतात, आवाज विझवत नेतात आणि शेवटाला करुण करून टाकतात. बेर्गलुंड लिहिलं तसं वाजवतो. माणूस बोलता बोलता उठून जातो, तसं संगीत उठून जातं. ज्या सिंफनीनं अर्धा तास कुठंच आधार दिला नाही, तिनं शेवटी गळा काढावा हे मला तरी असह्य होतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पहिलीच्या सुरुवातीला टिंपनी या नगाऱ्यांच्या घुमाऱ्यावर एकटा क्लॅरिनेट गातो. तिच्यासाठी बार्बिरोली किंवा कॉलिन्स, दोघांकडंही धग आहे. तिसरी कारायाननं कधीच रेकॉर्ड केली नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडं लोकांचं दुर्लक्ष झालं. जर्मन कंपनीनं त्याच्या चौथी ते सातवी या सिंफनींना जोड म्हणून पहिल्या तीन ओक्को कामू या तरुणाकडं दिल्या. १९६९च्या पहिल्या कारायान स्पर्धेचा तो विजेता. त्याची हेलसिंकी रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबरची तिसरी मला फार प्रिय आहे. मधली मूव्हमेंट कुणी चालीची समजतं, कुणी अंगाईची. कामू तिला दोन्हीच्या मध्ये, थोडी विचारात पडल्यासारखी वाजवतो. सहावी ही शुद्ध थंड पाण्याची सिंफनी. इतर लोक कॉकटेलं बनवत असताना आपण हे पाणी देतोय, असं सिबेलियस म्हणाल्याचं सांगतात. तिची स्वररचना आपल्या काफी थाटाची. व्हायोलिनं वरून खाली एकमेकांत गुंतत येतात ती सुरुवात कारायानच्या १९६७च्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकावी. जरा जास्तच सुंदर आहे, पण सहावीला ते शोभतं.

सातवी, १९२४. एकच मूव्हमेंट, वीस-बावीस मिनिटं, तिच्यात संथ भाग, खेळकर भाग, धावता भाग सगळं आहे आणि एकही कुंपण नाही. म्हणजे ही सिंफनी नुसत्या सांध्यांचीच बनलेली आहे. तीनदा ट्रॉम्बोन येतो, तीच भव्य धून घेऊन, आणि प्रत्येक वेळी त्याच्या भोवतालचं हवामान वेगळं. सिबेलियसच्या टिपणवहीत या धूनवर पत्नीचं, आयनोचं नाव होतं. येव्गेनी म्राविन्स्कीनं १९६५ साली मॉस्कोत लेनिनग्राड फिलहार्मोनिकबरोबर केलेलं प्रत्यक्ष मैफलीतलं रेकॉर्डिंग हे या सिंफनीतलं सगळ्यांत धोकादायक. ट्रॉम्बोन रशियन पद्धतीनं उघडा, थरथरणारा, ऐकून अंगावर काटा येतो. तंतुवाद्यं सुरीसारखी. पण त्यातही सांधे अभंग आहेत, कारण या माणसाची शिस्त पोलादी होती. सर्ज कुसेवित्स्कीचं १९३३चं, बीबीसी सिंफनीबरोबरचं, याच जातीचं. शांतपणे ऐकायची असेल तर सर कॉलिन डेव्हिसनं १९७०च्या दशकात बॉस्टनबरोबर केलेली. तिच्यात शेवटचा सी मेजर स्वरमेळ जड पाय टाकत, कष्टानं येतो. तो तसाच यायला हवा.

'तापिओला' १९२६ची, न्यूयॉर्कच्या वॉल्टर डॅमरॉशनं मागवलेली. तापिओ म्हणजे 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातला अरण्यदेव. जवळजवळ एकाच लहान धूनमधून सिबेलियस अख्खं जंगल उभं करतो. शेवटाकडं वादळ येतं, तंतुवाद्यं अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढत-उतरत राहतात, माणसाचा मागमूस नाही. कारायानचं बर्लिनचं वादळ भव्य आहे, बीचमचं १९५५चं रॉयल फिलहार्मोनिकबरोबरचं चपळ. मला मात्र १९३२चं कायानुसचं सर्वांत जास्त घाबरवतं. तबकडीची खरखर आणि वादळाची सळसळ वेगळी करता येत नाही.

यानंतर सिबेलियसनं मोठं काहीच छापलं नाही. आठव्या सिंफनीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९४०च्या दशकात ऐनोलाच्या जेवणघरातल्या शेकोटीत तिच्यासकट टोपलीभर हस्तलिखितं जाळली. शांततेसाठी त्या घरात त्याच्या हयातीत पाण्याचे नळही घेतले नव्हते. तिथं तो रेडिओवर जगभरातून येणाऱ्या आपल्याच सिंफनी ऐकत बसे. २० सप्टेंबर १९५७च्या संध्याकाळी तो गेला, त्याच वेळी हेलसिंकीत सर माल्कम सार्जंट पाचवी कंडक्ट करत होता आणि ती रेडिओवरून प्रक्षेपित होत होती.

पूर्ण संच घ्यायचा झाला तर कुठला, असं कुणी विचारलं तर मी बेर्गलुंडची तिसरी फेरी सांगतो. तो कुठल्याच एका सिंफनीत सगळ्यांत देदीप्यमान नाही, चौथी सोडली तर. पण त्याच्याकडून ऐकल्यावर बाकीचे काय मिसळतात ते कळतं. दुसरा संच वान्स्काचा, लाहतीचा. १९९०च्या दशकात एका लहान शहराच्या ऑर्केस्ट्रानं, वास्तुकार आल्वार आल्तोनं आखलेल्या चर्चमध्ये हे केलं आणि जगातल्या बड्या ऑर्केस्ट्रांच्या पंक्तीला जाऊन बसले. त्यातल्या बारीक आवाजाच्या जागा इतक्या बारीक आहेत की आपल्या घरातल्या पंख्याचा आवाज नडतो. वान्स्कानं पुढं मिनेसोटाबरोबर पुन्हा सगळ्या केल्या. मध्ये तिथल्या वादकांना व्यवस्थापनानं सव्वा वर्षाहून जास्त काळ कामाबाहेर ठेवलं, वान्स्कानं राजीनामा दिला, मग परत आला, आणि त्याच गदारोळात पहिली-चौथीच्या तबकडीला ग्रॅमी मिळालं. त्या वादनात आवाजाचं वजन जास्त आहे, पण मला लाहतीचंच काटक वादन हवं असतं.

नव्यांत क्लाउस मेकेलाचा ऑस्लो फिलहार्मोनिकबरोबरचा २०२२चा संच मी लक्ष देऊन ऐकला. १९९६चा जन्म, म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी पंचविशीचा पोरगा, आणि सातही एका दमात. ऑर्केस्ट्रा अप्रतिम वाजतो. चौथीची सुरुवात त्याला कळली आहे, सहावी तर फारच सुरेख. पाचवीतला सांधाही त्यानं जुळवला आहे, पण तो जुळवताना ऐकू येतो, आणि सातवीत दुसऱ्यांदा ट्रॉम्बोन येतो तेव्हा भोवती जे वादळ हवं ते फार नीटनेटकं आहे. सान्तू-मातियास रोउवालीच्या गोथेनबर्गच्या रेकॉर्डिंगमध्ये याच्या उलट होतं. तिथं लय इतकी ओढली-सोडली जाते की वादळ आहे, पण जंगल नाही. दोघांतला मेकेला मला जास्त भरवशाचा वाटतो. बेर्गलुंडला पहिल्या फेरीपासून तिसरीपर्यंत यायला पंचवीस वर्षं लागली. त्याची बोर्नमथची सातवीसुद्धा आज ऐकली तर अशीच थोडी जास्त भरलेली वाटते. मेकेलाकडं वेळ भरपूर आहे. त्यानं पन्नाशीत हे सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं, आणि शक्य तर लहान ऑर्केस्ट्राबरोबर करावं.